गळ्यातला लाकडी बूट

कँपेर (फ्रान्स), मार्च

शाळेतल्या सरांचा फोन आला तेव्हा इथे सकाळचे सात वाजले होते आणि कोल्हापूरजवळच्या माझ्या गावात, गडमुडशिंगीत, साडेअकरा. "सत्तावीसला मराठी भाषा दिन हाय. तू फ्रान्सात ऱ्हातोस, तर पाच मिनिटांचा व्हिडिओ करून दे. फ्रेंच लोकांचं भाषेवरचं प्रेम सांग. इंग्रजीत विचारलं तर ती माणसं उत्तर देत नाहीत, ते सांग. आणि त्या शेवटच्या तासाची गोष्ट सांग. पोरांना कळू दे, भाषा म्हंजे काय असती ती."

मी हो म्हणालो. दोनदा मोबाइल समोर उभा करून बसलो आणि दोनदा बंद केला. सर जे सांगायला सांगत होते ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं मी गेली सहा वर्षं राहतो त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणी गळ्यात बाळगलेलं आहे. ते पाच मिनिटांत मावलं नसतं. म्हणून सर, व्हिडिओऐवजी हे पत्र.

इंग्रजीचं आधी उरकतो. आमच्या प्रयोगशाळेतली तरुण मुलं माझ्याशी आपणहून इंग्रजी बोलतात, रस्त्यात पत्ता विचारला तरी सांगतात. आधी 'बाँझूर' म्हणावं एवढीच त्यांची अपेक्षा असते. आपणही नमस्कार न करता कुणी अंगावर प्रश्न फेकला तर तोंड फिरवतोच.

आता ती गोष्ट. आल्फाँस दोदेची 'शेवटचा तास' ही कथा 1873 साली पुस्तकात आली. आपल्याकडे एनसीईआरटीच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकातून ती कितीतरी मुलांनी वाचली आहे. 1870 च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्झास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला. बर्लिनहून हुकूम येतो की इथल्या शाळांत उद्यापासून जर्मनच शिकवायची. हामेल मास्तर फ्रेंचचा शेवटचा तास घेतात, गावातली वडीलधारी माणसं मागच्या बाकांवर येऊन बसतात. सीमाभागात, निपाणीला माझी आत्या दिली आहे. तिच्या थोरल्या मुलानं ही गोष्ट मला पहिल्यांदा मराठीत सांगितली होती. सांगून झाल्यावर तो म्हणाला होता, "हे आमचंच हाय बघ."

त्या कथेत एक गोष्ट नाही. आल्झासच्या बहुतेक खेड्यांत घरी बोलली जाणारी भाषा फ्रेंच नव्हतीच. ती जर्मन कुळातली, तिथल्या मातीतली आल्झासी बोली होती. हामेल मास्तरांच्या वर्गातल्या पोरांना त्यांच्या आया जेवायला हाक मारत असतील ती त्या बोलीत. दुसऱ्या महायुद्धानंतर आल्झास पुन्हा फ्रान्सकडे आला, तेव्हा शाळेतून ही बोली हद्दपार करायला फ्रेंच राज्यानं कसर ठेवली नाही. एकीकडून जर्मन, दुसरीकडून फ्रेंच आणि मधे आईची भाषा, जिच्यासाठी कुणी शेवटचा तास घेतला नाही.

शाळा आईच्या भाषेचं काय करू शकते, हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका बाईंच्या स्वयंपाकघरात कळलं.

कँपेर हे फ्रान्सच्या पश्चिम टोकाचं, समुद्राजवळचं गाव. प्रांताचं नाव ब्रतान्य, आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ब्रिटनी. दुधाचा मुलूख. गोकुळ दूध संघाचा पशुखाद्य कारखाना ज्या गावात आहे तिथून निघालो आणि इथे येऊनही एका डेअरीत दुधाचं फॅटच तपासतो आहे. पहिल्या दिवशी बसच्या खिडकीतून पाट्या दिसल्या. वरच्या ओळीत कँपेर, खालच्या ओळीत केम्पेर. खालची ओळ ब्रेतॉन भाषेतली. ही भाषा फ्रेंचच्या घरातली नाही, ती वेल्शची बहीण. पावाला 'बारा' म्हणतात, वाइनला 'ग्विन'. काही न समजेल असं बडबडणं यासाठी फ्रेंचमध्ये 'बारागुइने' असं क्रियापद आहे, आणि ते याच दोन शब्दांवरून पडलं असं इथली माणसं सांगतात. ब्रेतॉन माणूस भूक लागली म्हणून पाव मागत होता आणि ऐकणाऱ्याला ती निव्वळ बडबड वाटत होती.

माझ्या घरमालकीणबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. माझी आणि त्यांची दोस्ती ताकावर जमली. इथे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं करतात आणि त्याबरोबर 'लै रिबो' पितात. लै रिबो म्हणजे ताक, घुसळून लोणी काढलेलं. मी पहिला घोट घेतला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या हसल्या. तेव्हापासून रविवारी दुपारी मला खालच्या मजल्यावर बोलावणं असतं.

अशाच एका रविवारी मी त्यांना विचारलं, तुम्हाला ब्रेतॉन येतं का? त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, शाळेत जाईपर्यंत मला दुसरं काही येतच नव्हतं. मग सांगायला लागल्या. वर्गात एक जुना लाकडी बूट होता, दोरी ओवलेला. सकाळी ज्याच्या तोंडून पहिला ब्रेतॉन शब्द निघेल त्याच्या गळ्यात तो अडकवायचा. त्यानं दिवसभर कान देऊन फिरायचं. दुसरं कुणी ब्रेतॉन बोलताना सापडलं की आपल्या गळ्यातला काढून त्याच्या गळ्यात घालायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात राहील त्याला शिक्षा.

"एकदा मधल्या सुट्टीत माझा धाकटा भाऊ पडला. गुडघा फुटला. त्यानं आईला हाक मारली, ब्रेतॉनमध्ये. बूट माझ्या गळ्यात होता. मी काढला आणि त्याच्या गळ्यात घातला. तो सहा वर्षांचा होता, मी आठ."

भाऊ आता नाही. त्या दोघांत पुढे सत्तर वर्षांत या गोष्टीचा विषय कधी निघाला नाही. बाईंनी आपल्या तीन मुलांशी ब्रेतॉनचा एक शब्द काढला नाही. "त्यांच्या गळ्यात काही पडू नये म्हणून," असं त्या म्हणाल्या.

सर, मला आजवर वाटायचं की भाषेवर अत्याचार म्हणजे लाठी, गोळीबार, सक्तीचा हुकूम. आपल्या सीमाभागानं तेच पाहिलं आहे. इथे मला कळलं की एका दोरीत ओवलेला बूट पुरतो. पोलीस लागत नाही. पोरंच एकमेकांवर पहारा ठेवतात, बहीण भावावर ठेवते, आणि मोठी झाल्यावर आपल्याच मुलांपासून आपली भाषा लपवतात. इथले अभ्यासक या प्रकाराला 'सँबोल' म्हणतात, म्हणजे चिन्ह. कुठे बूट असायचा, कुठे लाकडाचा ठोकळा. कँपेरजवळच्याच मुलखातले लेखक पिएर-जाकेझ एलिआस यांनी आपल्या लहानपणावर लिहिलं, त्यात या शिक्षेला पोरं 'गाय' म्हणत असं आहे. 1975 साली त्यांचं 'अभिमानाचा घोडा' अशा अर्थाच्या नावाचं आत्मकथन आलं आणि फ्रान्सभर खपलं. त्यांनी ते आधी ब्रेतॉनमध्ये लिहिलं होतं, पण छापून आधी आलं ते फ्रेंच भाषांतर.

हे कुणा एका खाष्ट मास्तराचं काम नव्हतं. राज्यक्रांतीनंतर 1794 साली आबे ग्रेग्वार यांनी नॅशनल कन्व्हेन्शनपुढे अहवाल ठेवला. बोली संपवण्याची गरज आणि त्याचे मार्ग, हा त्याचा विषय. नीट फ्रेंच बोलणारी माणसं तेव्हा देशात तीसच लाख आहेत असा त्यांचाच हिशेब होता. म्हणजे फ्रान्समध्ये फ्रेंच अल्पसंख्य होती. मग 1881-82 मध्ये झ्यूल फेरी यांच्या कायद्यांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि त्या शाळेतून ती बहुसंख्य झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांवर माणसं ब्रेतॉन बोलत, आज लाखभर उरली आहेत, त्यातली बरीच माझ्या घरमालकीणबाईंच्या वयाची. 1905 साली पॅरिसच्या एका मुलींच्या साप्ताहिकात बेकासीन नावाची चित्रकथा सुरू झाली. बेकासीन म्हणजे शहरात मोलकरीण म्हणून आलेली भाबडी ब्रेतॉन मुलगी. तिचं चित्र जुन्या अंकात मी नीट पाहिलं. गोल चेहरा, दोन ठिपके डोळ्यांचे, एक ठिपका नाकाचा. तोंड काढलेलंच नाही.

फेरींचा कायदा वाचताना मला शाहू महाराज आठवले. 1917 साली महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. माझे पणजोबा त्यामुळे पाटीला शिवले. तो उपकार मी विसरलेलो नाही. त्यामुळेच शाळा या गोष्टीबद्दल आपल्या मनात जी कृतज्ञता आहे ती इथल्या खेड्यातल्या जुन्या माणसाच्या मनात तशी का नाही, हे समजायला मला वेळ लागला. त्यालाही शाळेनं अक्षर दिलं, नोकरी दिली. बदल्यात आजीची भाषा घेतली.

हे सगळं मी मोठ्या तावातावानं ताईला फोनवर सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आमच्या पोरीच्या शाळंत बिल्ला हाय तसला."

मी गप्प झालो. भाची दुसरीत आहे, कोल्हापूरजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. वर्गात मराठी बोललं की छातीवर पत्र्याचा बिल्ला लावतात. दुसरं कुणी मराठीत बोललेलं बाईंना सांगितलं की बिल्ला त्याच्याकडे जातो. सुट्टी होताना ज्याच्याकडे असेल त्यानं दुसऱ्या दिवशी दहा रुपये आणायचे. ताईनं भाचीला फोन दिला. "मामा, मला आता कळतंय कुणाजवळ उभं ऱ्हायचं," ती म्हणाली. "जी मराठी बोलतात ना, त्यांच्याजवळ. मंग लगीच बिल्ला जातोय."

सात वर्षांची पोर आहे ती. ब्रतान्यमधली आठ वर्षांची पोर जे शिकली तेच शिकते आहे. फरक एवढाच की इथे ते पॅरिसनं करायला लावलं आणि तिकडे आपण फी भरून करून घेतो. 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदी सक्तीची करण्याचा आदेश निघाला तेव्हा अख्खा महाराष्ट्र उठला आणि 29 जूनला सरकारला तो मागे घ्यावा लागला. मला इथे बसून त्याचा अभिमान वाटला. पण त्या दिवसांत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यात पेटून लिहिणाऱ्यांतले चौघे मला माहीत आहेत, ज्यांची मुलं त्या बिल्ल्याच्या वर्गात बसतात. हिंदीचा आदेश आपल्याला दिसतो, कारण तो कागदावर असतो. बिल्ला आपल्याला शिस्त वाटतो.

आणि सर, एवढ्यावर थांबलो तर मी अप्रामाणिक ठरेन. इंग्रजीच्या आधी हे काम आपल्या मराठी शाळेनंही केलं आहे. आपल्याकडे बायका "मी आलो, मी जातो" असं म्हणतात. ताई तशीच बोलायची. पुण्यात कॉलेजला गेली, वसतिगृहात पहिल्याच संध्याकाळी "मी जेवून आलो" म्हणाली आणि खोलीतल्या मुली पोट धरून हसल्या. पुढचे सहा महिने ती चारचौघांत बोललीच नाही. सुट्टीला घरी आली आणि आईला म्हणाली, "मी आले." आई तिच्याकडे बघत राहिली. पाहुणी आल्यासारखं वाटलं असावं तिला. बेकासीनचं तोंड नसलेलं चित्र पाहिलं तेव्हा मला त्या वसतिगृहातली माझी बहीण दिसली.

आमच्या वर्गात तिसरीला एक कैकाडी समाजातला मुलगा होता. त्याच्या घरी बोलायची भाषा वेगळी होती, कानडी-तमिळच्या कुळातली. आई त्याला शाळेच्या फाटकाशी सोडायला यायची आणि दोघं त्या भाषेत दोन वाक्यं बोलायची. आम्ही पोरं त्यांची नक्कल करत ओरडायचो. मास्तर त्याला "तुझी ती भाषा बाहेर ठेवून ये" म्हणत आणि छडी उचलत. चौथीत तो दिसला नाही. कॉलेजात असताना त्याच समाजातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' वाचलं, 1980 साली आलेलं, तेव्हा तो मुलगा मला कळला. नक्कल करणाऱ्यांत मी होतो. बूट दुसऱ्याच्या गळ्यात घालायला आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

इथल्या सार्वजनिक वाचनालयात एक कपाट आहे, फ्रान्सच्या जुन्या वसाहतींतल्या लेखकांचं. हिवाळ्यात अंधार पडला की मी तिथे बसतो. बर्नार दादिए हे आयव्हरी कोस्टचे लेखक. त्यांच्या 1956 च्या 'क्लिंबिए' या कादंबरीत आफ्रिकेतल्या शाळेतली पोरं आपली भाषा बोलल्याबद्दल एक ठोकळा हातोहात फिरवतात. नाव तेच, सँबोल. ब्रतान्यच्या खेड्यात जे चाललं ते जहाजातून आफ्रिकेत गेलं होतं. फ्रान्झ फानाँ यांनी 1952 च्या आपल्या पहिल्या पुस्तकाची सुरुवातच भाषेपासून केली आहे: मार्टिनिकचा काळा माणूस मालकाची भाषा जितकी चोख बोलतो तितका तो स्वतःच्या लोकांपासून कसा तुटत जातो, हे त्यांनी डॉक्टरच्या नजरेनं उलगडलं. सेनेगलचे उस्मान सेंबेन फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहीत. त्या आपल्या लोकांना वाचता येत नाहीत म्हणून ते सिनेमाकडे वळले, आणि 1968 साली त्यांनी वोलोफ भाषेत 'मँडाबी' काढला. अल्जीरियाचे कातेब यासिन फ्रेंचला युद्धात हाती लागलेली लूट म्हणत. तेही पुढे गावोगावच्या रंगमंचावर बोलीतल्या अरबीत नाटकं करायला गेले. त्यांच्याच देशाच्या आसिया जेबार 2005 साली फ्रेंच अकादमीवर निवडल्या गेल्या. जिच्या शाळांनी त्यांच्या आजीच्या भाषेला जागा दिली नव्हती, त्याच भाषेच्या सर्वोच्च पीठावर.

याच वाचनालयात, दोन कपाटं पलीकडे, मला दया पवार भेटले. 'बलुतं', फ्रेंचमध्ये. भाषांतरकार गी प्वातव्हँ. हे नाव आपल्याकडे घराघरात माहीत असायला हवं होतं. हा फ्रेंच माणूस 1972 साली पुण्यात आला, भारताचा नागरिक झाला, 2004 साली जाईपर्यंत तिथेच राहिला. हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर. आमच्या आजीला ज्या ओव्या येत होत्या त्या मी एकदाही लिहून घेतल्या नाहीत. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हेही त्यांनीच फ्रेंचमध्ये नेलं. ज्या देशानं आपल्याच खेड्यांच्या तोंडावर हात ठेवला, त्याच देशातला एक माणूस आपल्या खेड्यातल्या बायांचं बोलणं कान देऊन ऐकायला आला. फ्रान्सबद्दल मला राग येतो आणि फ्रान्स मला आवडतो, या दोन्हींचं कारण याच वाचनालयात सापडतं.

या कपाटानं आणखी एक धडा दिला, तो जास्त कडू आहे. अल्जीरिया 1962 साली स्वतंत्र झाला. ज्यांच्या अरबीला फ्रेंच राज्यानं परकी ठरवलं होतं त्यांचं राज्य आलं, आणि त्यांनी कबीलिया डोंगरातल्या लोकांची तामाझिग्त दडपली. 1980 च्या मार्चमध्ये मुलूद मामेरी या लेखकाचं कबीलियाच्या जुन्या काव्यावरचं व्याख्यान तिझी-उझूत रद्द केलं गेलं आणि तिथून उठाव पेटला. त्या भाषेला अधिकृत दर्जा मिळायला 2016 उजाडावं लागलं. आपण 1960 साली हुतात्म्यांच्या बलिदानावर मराठीचं राज्य मिळवलं. त्या राज्यातल्या कोरकू, कोलामी, माडिया पोरांच्या गळ्यात आपण काय घातलं, हे विचारायचं धाडस भाषा दिनाच्या भाषणात कुणी करत नाही.

म्हणजे सीमाभागाचं दुःख खोटं, असं कुणी समजू नये. 1956 च्या जानेवारीतला गोळीबार, 1986 च्या जूनमधलं कानडी सक्तीविरुद्धचं आंदोलन, हे आत्याच्या घरात आजही कालच घडल्यासारखं बोललं जातं. एन. डी. पाटील सर आयुष्यभर त्यासाठी उभे राहिले आणि गेले तेही 17 जानेवारीला, सीमाभागाच्या हुतात्मा दिनी, 2022 साली. आत्याचा मुलगा अजून तालुक्याच्या कचेरीत मराठी अर्ज घेऊन जातो आणि कानडी अर्ज घेऊन परत येतो. पण तोच मुलगा घरात आईला अक्का म्हणतो, शेजारच्या कानडी मित्राशी ऊसतोडीचा हिशेब कानडीत करतो, आणि त्याला त्यात काही गमावल्यासारखं वाटत नाही. त्याचं भांडण भाषेशी नाही, सक्तीशी आहे. हा फरक मुंबईतल्या भाषणांत हरवतो. इथेही एकदा तो हरवला होता. दुसऱ्या महायुद्धात काही ब्रेतॉन भाषाभिमान्यांनी जर्मनांशी हातमिळवणी केली, आणि तो डाग धुवायला पुढे एका पिढीला झटावं लागलं.

त्या पिढीनं काय केलं, त्याचा मला हेवा वाटतो. 1977 साली काही आईबापांनी मूठभर मुलं घेऊन ब्रेतॉन माध्यमाची शाळा सुरू केली. नाव ठेवलं दीवान. त्यांच्या भाषेत याचा अर्थ अंकुर. सरकार पाठीशी नव्हतं. आज बालवाडीपासून बारावीपर्यंत त्यांच्या शाळा आहेत. 2021 च्या मे महिन्यात घटना परिषदेनं निकाल दिला की प्रादेशिक भाषाच शाळेत शिकवण्याची मुख्य भाषा करणं घटनेत बसत नाही. त्यानंतर माणसं हजारोंनी रस्त्यावर आली. शाळा चालूच आहेत. याच कँपेरमध्ये 2017 साली एका बाळाचं नाव फाँश ठेवलं गेलं. फ्रँस्वाचं ब्रेतॉन रूप. त्यातल्या 'न'वर आपल्या चंद्रबिंदूसारखी नागमोडी खूण असते. ती खूण फ्रेंच नाही, म्हणून इथल्या न्यायालयानं नाव नाकारलं. आईबाप रेनच्या अपील न्यायालयात गेले आणि 2018 मध्ये ती खूण जिंकून आणली. एका खुणेसाठी दोन न्यायालयं. माझ्या आडनावातला 'ळ' पासपोर्टवर 'ल' झाला तेव्हा मी काऊंटरवरच्या माणसाला साधं विचारलंही नव्हतं.

दर दोन वर्षांनी मे महिन्यात इथे 'आर रेदादेग' असते, भाषेसाठी धावायची शर्यत. शर्यत म्हणतात, पण तीत पहिला-दुसरा कुणी नसतो. रात्रंदिवस न थांबता, गावामागून गाव, दोन हजार किलोमीटरच्या आसपास. हातातल्या काठीत ब्रेतॉनमध्ये लिहिलेला निरोप बंद असतो, तो शेवटच्या गावात उघडून वाचतात. एकेक किलोमीटर लोक विकत घेतात. कुणी आजोबांच्या नावानं, कुणी बेकरीच्या नावानं. तो पैसा शाळांना आणि भाषेच्या कामांना जातो. मागच्या खेपेला पहाटे तीन वाजता आमच्या रस्त्यावरून ती गेली. पावसात दीडशेक माणसं, पुढे ढोल-बासरी लावलेली गाडी, बापाच्या खांद्यावर झोपलेली पोरं. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी चढताना जसा रस्ता हलतो, तसा हलला. घरमालकीणबाई स्वेटर चढवून दारात उभ्या होत्या. त्यांची नात दीवान शाळेत शिकवते, ती धावणाऱ्यांत होती. आजीला बघून ती ब्रेतॉनमध्ये काहीतरी ओरडली. आजीनं उत्तर दिलं. मला शब्द कळला नाही, पण फ्रेंच नव्हता. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ती भाषा पहिल्यांदा ऐकली.

सर, असं काही आपल्याला नवीन आहे असं मात्र नाही. तुमच्या शाळेपासून जवळच वळिवडे आहे. 1943 ते 1948 तिथे युद्धानं उखडलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. बराकीत राहायची सोय होते न होते तोच त्यांनी आपल्या भाषेतल्या शाळा उभ्या केल्या. आमची आजी तेव्हा परकरी पोर होती, आईबरोबर छावणीत शेंगा विकायला जायची. ती सांगायची, त्या पोरी एका सुरात काहीतरी पाठ म्हणायच्या आणि आम्ही फाटकाशी उभं राहून ऐकायचो. कोल्हापूरच्या कुणी त्यांना मराठीतच बोला असं सांगितलं नाही. पुढे त्याच बराकीत फाळणीनं घर हरवलेले सिंधी आले आणि गांधीनगर वसलं. भाषेला प्रांतच उरला नाही असे लोक. त्यांच्या दुकानात आज कोल्हापुरी मराठी आपल्याइतकीच खणखणीत ऐकू येते. कापड फाडताना म्हातारे शेठ मुलाशी सिंधीत बोलतात, मुलगा उत्तर हिंदीत देतो आणि नातू इंग्रजीत. कँपेरमधल्या माझ्या खालच्या मजल्यावर जे घडलं तेच तिथे, आपल्या शेजारी, आपल्या डोळ्यांदेखत घडतं आहे.

मराठी बोलणारी माणसं 2011 च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होती. ब्रेतॉन कधीच एवढी मोठी नव्हती, म्हणून आपल्याला भीती वाटत नाही. पण दहा लाखांचे एक लाख व्हायला इथे कत्तल लागली नाही. दोन-तीन पिढ्यांनी आपल्या मुलांना शरमेपासून वाचवायचं ठरवलं, एवढंच पुरलं. भाषा मरते ती घरात, आणि ती वाचवायची लढाईही तिथूनच सुरू होते. ज्या मुलाला आपल्या आईचं बोलणं लाज वाटण्याजोगं नाही हे कळलं, तो पुढे फ्रेंच शिको, इंग्रजी शिको, काही बिघडत नाही.

तेव्हा पुढच्या सत्तावीस फेब्रुवारीला हामेल मास्तरांची गोष्ट जरूर सांगा, आणि त्याच दिवशी या लाकडी बुटाचीही सांगा. वर्गातल्या प्रत्येक मुलाला पाच मिनिटं त्याच्या घरच्या बोलीत बोलू द्या. वडाराच्या पोराला, कैकाड्याच्या पोरीला, गांधीनगरहून येणाऱ्या सिंध्याच्या मुलाला. कुणी हसलं तर त्याला प्रेमानं समजवा.

आणि त्याच्याही आधी एक काम आहे. भाचीच्या शाळेची पालकसभा येत्या शनिवारी आहे. ताईनं उठून बोलायचं ठरवलं आहे, आणि "मी आलो" असंच म्हणून सुरुवात करणार आहे. पण ती एकटी आहे. तुम्ही तिच्याबरोबर जा. तुमचा शब्द तिथे ऐकतील. तो बिल्ला त्यांच्याकडून मागून घ्या.